डझनभर शेवंती

आमच्या नमिताला पोलिश सिनेमाचं वेड, आणि त्या वेडाची टिंगल करणाऱ्यांत मी पहिली. दोह्यात अबू हमूरच्या कंपाउंडमध्ये आमच्या घरांची भिंत एकच. 'अगं, ही माणसं बोलतात तरी कधी?' असं मी विचारलं की ती म्हणायची, 'सरोज, बोलत नाहीत म्हणून तर कळतात.' पुण्यात कॉलेजात असताना फिल्म क्लबात पाहिलेला एक सिनेमा तिच्या डोक्यात बसला तो बसलाच. तिला आवडायची ती त्या लोकांची रीत. घराचं वाटोळं झालेलं असो, पाहुणा आला की उठून उभं राहायचं, त्याचा कोट घ्यायचा, ग्लासात चहा द्यायचा, मग काय ते रडायचं. आपण आधी रडतो आणि मग चहा विचारतो, असं तिचं म्हणणं.

कंपनीत ती कागदपत्रं सांभाळायची. स्टेडियमच्या दिव्यांचं काम बघायला हालिना नावाची पोलिश इंजिनिअर आली आणि दोघींचं सूत जमलं. द पर्ल या समुद्रकाठच्या वस्तीतल्या हालिनाच्या घरी दर शुक्रवारी सिनेमा, त्यावर गप्पा. नमिताचा नवरा गॅस प्लांटवर, मुलगी ईश्वरी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी. दोह्यात नमिताचं स्वतःचं म्हणावं असं काही असेल तर तो शुक्रवार.

वर्ल्ड कपचं वर्ष उजाडलं. येणाऱ्या एकेका देशाची संध्याकाळ कंपनीच्या हॉलमध्ये करायची ठरली, आणि पोलंड अर्थातच नमिताकडे आला. खपून तिने भाषण लिहिलं आणि नजरेखालून घाला म्हणून साहेबाला दिलं. साहेब म्हणजे विजयकुमार, ॲडमिन मॅनेजर, केसाने गळा कापणारा माणूस. त्या संध्याकाळी तोच स्टेजवर चढला, तिचं भाषण शब्दन् शब्द वाचलं आणि टाळ्या घेतल्या. वर तिला म्हणतो, 'तुम्ही जरा स्नॅक्सचं बघा.' वडे मी तळून नेले होते. वाटलं, कढईतलं तेलही आणायला हवं होतं. नमिता रडली नाही. 'ह्याची जिरवायची,' एवढंच म्हणाली.

संधी आपल्या पायाने आली. हालिनाने आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि विजयकुमारचा नमिताला फोन आला. 'फुलं न्यावीत म्हणतो. पिवळी शेवंती कशी? शुभ असते.' आपण मार्गशीर्षात लक्ष्मीला वाहतो ती शेवंती. पोलंडमध्ये ती थडग्यावर ठेवतात, आणि सम संख्येत फुलं फक्त मेलेल्या माणसाला देतात. नमिताने हे सिनेमांत कितीदा पाहिलेलं. 'फारच छान,' ती म्हणाली, 'डझनभर घ्या.' फोन ठेवून तिने मला सांगितलं तेव्हा मी तिला मिठी मारली. खोटं कशाला बोलू, मला भयंकर आनंद झाला.

हालिनाची आई पोलंडहून आली आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आजारी म्हातारी, सोफ्यावर शाल पांघरून बसलेली. विजयकुमार आत शिरला आणि आपली माणसं करतात तेच त्याने केलं. घरात वडीलधारं माणूस दिसल्यावर मान आधी त्यांचा. तो वाकून पाया पडला आणि गुच्छ म्हातारीच्या मांडीवर ठेवला.

म्हातारी फुलांकडे बघत राहिली. मग तिने छातीवर क्रूस काढला, हसली आणि त्याच्याशी हात मिळवायला हात पुढे केला. हालिना पांढरीफटक पडली होती. पण तिने फुलदाणी आणली, आभार मानले, विजयकुमारला खुर्ची दिली. वावगा शब्द नाही. मी मात्र नमिताकडे बघायचं टाळलं.

आणि त्या मेल्याला उपरती व्हायची ती नेमकी तेव्हाच. भाषणाची टोचणी असेल, नाहीतर फुलं आवडली असं वाटलं असेल. 'ह्याचं श्रेय माझं नाही हं,' तो सगळ्यांसमोर म्हणाला, 'नमिताला विचारूनच आणली. डझनभर घ्या, असं तीच म्हणाली.'

हालिनाने नमिताकडे पाहिलं. ती थडगी, ती शेवंती, सगळं दोघींनी शेजारी बसून पाहिलेलं. 'नमिताला आमचे सिनेमे फार बारकाईने कळतात,' ती म्हणाली आणि पहिलं ताट नमितालाच वाढलं. निघताना तिने नमिताचा हात हातात घेतला, लिफ्टपर्यंत सोडायला आली. फक्त 'शुक्रवारी ये' म्हणाली नाही. ते तिने विजयकुमारला सांगितलं.