रशिया, चीन आणि अंगणातली भिंत

आमच्या कंपनी बसमधले किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. सौदीतल्या धाहरानहून प्लांट तासाभरावर, खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नाही, आणि शेजारी जोशी! मग किस्से साठणारच.

जोशी सांगलीचे. पक्के डावे, म्हणून सगळे त्यांना कॉम्रेड म्हणतात. पगार तेल कंपनीचा, स्वप्नं क्रांतीची! सिद्धांत एकच: "रशिया आणि चीन क्रांतीनंतर तेव्हाच एक देश झाले असते ना, तर आज जग वेगळं असतं."

एकदा आमचे स्टोअरवाले, रत्नागिरीचे हसनभाई, म्हणाले, "राजधानी कुठे ठेवणार ते बोला."

कॉम्रेड दोन दिवस बसमध्ये नकाशा घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "दोन्हीकडे."

"म्हणजे निकाहाआधीच तलाक! खलास!"

*

दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात, त्या शटडाउनच्या कामाला एक रशियन आणि एक चिनी इंजिनिअर आले होते. कॉम्रेडनी कॅन्टीनमध्ये दोघांना एका टेबलावर बसवलं, स्वतः बिर्याणी वाढली आणि विचारलं, "तुमचे देश एक होऊ शकले असते का?"

"शुअर!" दोघं एकदम म्हणाले. कॉम्रेडचा चेहरा काय फुलला!

"आमच्या हाताखाली." हेही दोघं एकदमच म्हणाले.

*

मग आपल्याच लोकांवर प्रयोग. इथले दोन मराठी ग्रुप दिवाळीचा फराळ वेगवेगळा करतात. ते एक करायचा विडा कॉम्रेडनी उचलला. चिवडा पातळ पोह्यांचा की भाजक्या, यावरून मीटिंग फुटली.

यंदा फराळ तीन ठिकाणी झाला. तिसरा ग्रुप कॉम्रेडचा. त्यात ते एकटेच.

*

आम्ही हसायचो, पण त्या हट्टामागची घरची गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. त्यांचा थोरला भाऊ अण्णाही कम्युनिस्टच, पण चीनवाला. हे रशियावाले. सोव्हिएत रशिया फुटला त्या दिवशी अण्णांनी दारात पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी कॉम्रेडनी अंगणात मधोमध भिंत घातली. तेव्हापासून बोलणं बंद.

आता कॉम्रेडचं फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं मायदेशी परतणं, लागलंय. बायको गेली, मुलगी कॅनडात. उरलेलं आयुष्य त्याच घरात काढायचं, आणि बोलायला माणूस एकच, भिंतीपलीकडचा.

"अहो, फोन करा! भाऊ आहे तो!" हसनभाईंनी बसमध्येच नंबर लावायला लावला. स्पीकरवर.

"अण्णा, मी कायमचा परत येतोय. भिंत पाडू या का?"

पलीकडून अण्णा खोकले. "पाडू की. पण आधी सांग, चूक कुणाची होती? रशियाची का चीनची?"

सगळी बस कान देऊन बसली होती. हसनभाई हात जोडून पुटपुटले, "रशियाची म्हणा ना! काय जातंय तुमचं!"

कॉम्रेडनी फोनकडे पाहिलं. कपाळावरचा घाम पुसला.

"चीनची," म्हणाले.

फोन कट.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये कॉम्रेडच्या फोनवर अण्णांचा फोटो आला. भिंतीवर विटांचे दोन नवे थर, शेजारी थापी घेऊन अण्णा स्वतः उभे. हसनभाईंनी कपाळाला हात लावला.

कॉम्रेडनी चष्मा लावला, फोटो झूम केला आणि प्लांट येईपर्यंत बघत राहिले.

"अण्णा किती वाळलाय रे," म्हणाले.