जयमालावहिनी विहिरीत उतरल्या

जयमालावहिनी आमच्या शेजारच्या. धाडजवळच्या आमच्या गावात त्यांच्यासारखी हसणारी बाई नव्हती. दुसऱ्या बाळंतपणानंतर अंग सुटत गेलं, तरी हसू टिकून होतं. ते गेलं एका बाजाराच्या दिवशी.

जीप भरली होती. ड्रायव्हर म्हणाला, "वहिनी, तुम्ही मधात बसा, नाहीतर गाडी एका अंगाले झुकते." सगळे हसले. वहिनीही हसल्या, पण त्यानंतर त्या बाजाराला गेल्या नाहीत. मग लग्नं टाळली, हळदीकुंकू टाळलं. मी बोलवायला गेले की म्हणायच्या, "गुडघे दुखून राह्यले, सुचिता. तू जा."

गुडघे दुखत होतेच. शेताच्या बांधापर्यंत जाताना दोनदा थांबावं लागे, साखरही वाढली होती. वजन उतरावं म्हणून त्या दर आठवड्याला तीन उपास धरत आणि साबुदाणा, शेंगदाणे खात. दुपारी घरात कोणी नसताना फरसाण खात आणि मग स्वतःवरच चिडून रडत. हे त्यांनी मला फार पुढे सांगितलं.

शेवटी सासू पुष्पाबाई त्यांना बुलढाण्याला घेऊन गेल्या. सोबत मीही होते. डॉक्टर अनुपमा यांनी आधी वजन केलंच नाही. विचारलं, "झोप लागते का? रडू येतं का?" असं वहिनींना आजवर कोणी विचारलं नव्हतं. वहिनी तिथंच रडल्या. डॉक्टरांनी रडू दिलं. मग गोळ्या लिहिल्या, उपास बंद करायला सांगितले आणि म्हणाल्या, "इतक्यात फार चालू नका, गुडघ्यांवर भार येतो. पोहता येतं का?"

वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "माहेरी, धामणगाव बढ्याले, भावांच्या आधी मी विहिरीत उडी मारत होती."

"मग झालं तर."

घरी वहिनींच्या नवऱ्याला, इंद्रभानभाऊंना, हे पटेना. "लोक काय म्हणतीन?"

पुष्पाबाई भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लोक आपल्या विहिरीत काऊन डोकावतीन? मी बसते काठावर काठी घेऊन. पाहू कोण येते त."

दुसऱ्या दिवशी भाऊंनीच विहिरीच्या पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडून काढलं.

वहिनींनी स्वतःच्या मापाचा लांब बाह्यांचा कुर्ता-पायजमा शिवून घेतला. सकाळी पुष्पाबाई आणि मी काठावर बसलो. वहिनी भिंतीला धरून एकेक पायरी उतरल्या. शेवटच्या पायरीवर बराच वेळ उभ्या राहिल्या. पोहून पंचवीस वर्षं झाली होती. मग त्यांनी हात सोडला आणि पाण्यावर अलगद तरंगल्या. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच गुडघ्यांना त्यांचं वजन कळलं नाही. त्या इतक्या जोरात हसल्या की सगळी विहीर घुमली. सून बुडतेय असं वाटून पुष्पाबाईंनी दोर फेकला, तो नेमका वहिनींच्या डोक्यावर पडला.

"आत्याबाई, मले वाचवून राह्यल्या का मारून राह्यल्या?"

मग रोज सकाळी अर्धा तास ठरला. वहिनी वेळेवर, सगळ्यांसोबत बसून जेवू लागल्या. पहिल्या दोन महिन्यांत काटा हललाच नाही. त्या निराश झाल्या, एक आठवडा आल्याही नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, "काटा राहू द्या. झोप कशी आहे?" झोप चांगली लागत होती. वहिनी पुन्हा उतरल्या.

वर्षभरात नऊ किलो उतरले. साखर आटोक्यात आली, एक गोळी कमी झाली. वहिनी अजूनही जाडच आहेत, आणि तसं सांगताना आता त्या आवाज खाली करत नाहीत. बांधापर्यंत न थांबता जातात. परवा भाच्याच्या हळदीत नाचल्या.

आता विहिरीवर आम्ही सहाजणी असतो. मला पोहता येत नव्हतं. वहिनींनी कमरेला रिकामा डबा बांधून शिकवलं. गेल्या सोमवारी आम्ही वर आलो तेव्हा पुष्पाबाई काठी बाजूला ठेवून पदर खोचत होत्या.

"जयमाला, त्या सुचिताचा डबा मले बांध."

"आत्याबाई, तुम्ही सत्तर वर्षांच्या."

"हाव. म्हणूनच म्हणते, लवकर बांध."

वहिनींनी सासूच्या कमरेला डबा बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि त्यांचा हात धरून पहिली पायरी उतरल्या.