अथांग विहिरीचा प्रकल्प

आता काय सांगू तुमाले, चहा खाली ठेवा, नाहीतं हासता हासता अंगावर सांडान! बारावीच्या प्रकल्पापायी म्या आमच्या मामाची सोयरीक जमवून ठेवली.

झालं काय, पर्यावरणाचा प्रकल्प देल्याशिवाय निकाल नाही, असं सरानं ठणकावून सांगतलं होतं. विषय, विहिरीचं पाणी. अन् अट अशी, की घरी बसून फेकायचं नाही, दुसऱ्या गावात जाऊन विचारायचं.

मी रिठदचा. शिरपूरले जायाले गाडी पाहिजे, अन् गाडी शेजारच्या मामाची. मामा तिशी उलटलेला, पण शेतकरी म्हणून कोणी पोरगी देत नव्हतं. रविवारचा निघाला तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून!

पहिल्याच घरी ओसरीवर एक काका बसले होते. म्या सुरू केलं, "घरी माणसं किती? वावर किती? विहिरीले पाणी कुठवर राह्यते?"

काकानं माह्याकडं पाह्यलं, मंग मामाच्या शर्टाकडं. अन् आत आवाज देला, "अवो, पाहुणे आले! पोहे टाका!"

तुमीच सांगा, आपल्याकडं हे प्रश्न कोण विचारते? पोरगी पाह्याले आलेलेच ना! पण मले कुठची अक्कल? मी आपला पोहे खात लिवून राह्यलो.

"आमच्या विहिरीले बारमाही पाणी! भर मे महिन्यात मोटर चालते. अन् तुमची विहीर?"

मी खरं सांगणार, तं मामानं असं कोपर मारलं! "आमची अथांग हाय जी," तोच बोलला.

म्या तेही लिवलं.

मंग डोक्यावर पदर घेऊन एक पोरगी चहा घेऊन आली. मामानं लगबगीनं शर्टाची कॉलर नीट केली, तवा कुठं माही ट्यूब पेटली. पण सांगू कसं? मामाले इतकं खुश म्या कधी पाह्यलंच नव्हतं. जीव तुटला माहा. वही मिटली अन् चहा घेतला.

सरानं प्रकल्प वाचला अन् चष्मा काढला. "काहून बे, मी शिरपूरचाच. मार्चपासून ती सारी गल्ली टँकरमागं पळते. बारमाही पाणी कुठून आलं?"

म्या सारं सांगून टाकलं. सर पोट धरून हासले. "हा प्रकल्प नाही बे, हा मामाचा बायोडाटा हाय! नव्यानं करून आण."

पुन्हा गेलो. तवर सुपारी फुटली होती. काका म्हणे, "आता सोयरे झालो, आता काय लपवाचं? विहीर होळीलेच आटते."

पास झालो बापा कसातरी.

मामी नांदाले आली. पहिल्याच उन्हाळ्यात आमची अथांग विहीर तळाले गेली. मामीनं मामाले बाजूले सारलं. रिकामी घागर घेऊन सरळ माह्या दारात उभी राह्यली.

"सर्व्हे तूच केला होता ना रे? मंग पाणीबी तूच भर!"

तवापासून दर उन्हाळ्यात मीच भरून राह्यलो.