तोंडातलं पान आणि पहिला इसार

तमाम लोकांस या जाहीर प्रगटनाद्वारे कळविण्यात येते की, खाली सही करणार इसमाने वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाखाली न येता, घरे विकण्याच्या धंद्यात पाऊल ठेविले. त्यामुळे पैठण रोड व परिसरात ज्या ज्या कुटुंबांचे रविवार वाया गेले, त्यांची काही तक्रार, हरकत अगर उजर असल्यास ती पुराव्यासह पंधरा दिवसांचे आत कळवावी. मुदतीनंतर आलेल्या तक्रारींचा विचार केला जाणार नाही. मुदत चार वर्षांपूर्वीच संपलेली आहे.

अशी नोटीस पेपरात छापून आणायची माझी फार इच्छा होती. बायकोने विचारलं, "खाली सही कोणती करणार? नाटकातली का खरी?" मग ते राहिलं.

त्याआधीची बावीस वर्षं मी वाळूजच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होतो. दिवसा नट-बोल्ट द्यायचे आणि संध्याकाळी हौशी नाटकांत कामं करायची. कारखाना बंद पडला तेव्हा नाटकं तेवढी शिल्लक राहिली आणि त्यांवर कोणाचं घर चालत नाही. माझ्या मेहुण्याचं पंपांच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देण्याचं दुकान आहे. तिथली एक खुर्ची त्याने मला देऊ केली. "दाजी, तुमचीच खुर्ची. पुसून ठेवलीय." माणूस मनाने चांगला आहे. पण ती खुर्ची भिंतीकडे तोंड करून आहे. रस्त्याकडे पाठ करून, वार्निशच्या वासात, उरलेलं आयुष्य बसून काढायचं हे मला झेपणारं नव्हतं. म्हणून मी पैठण रोडवर रो-हाऊस बांधणाऱ्या एका बिल्डरच्या ऑफिसात गेलो. तीन महिने परीक्षेचे. तेवढ्यात एक बुकिंग झालं तर नोकरी पक्की, नाहीतर नमस्कार. नमस्कार म्हणजे खुर्ची.

विक्री बघणाऱ्या मॅडम माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान होत्या आणि मला काका म्हणायच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "काका, तुमचा आवाज छान आहे. जपून वापरा."

मला वाटलं, कौतुक केलं.

नवीन माणूस ज्या चुका करतो त्या मी सगळ्या केल्या, आणि कोणतीही अर्धवट केली नाही. ओळखीपाळखीच्या सगळ्यांना फोन केले, त्यामुळे दोन आठवड्यांत नातेवाईक माझा नंबर ओळखून उचलेनासे झाले. भर मे महिन्यात कोट घालून साइटवर उभा राहिलो. सेंट्रिंगवाले मजूर मला सरकारी माणूस समजून काम थांबवायचे. एका ओळखीच्या दहाव्याला गेलो आणि घाटावर चार जणांच्या हातात कार्डं ठेवली. त्यातल्या एका म्हाताऱ्याने कार्ड चष्म्याजवळ नेऊन वाचलं आणि विचारलं, "साडेतीन हातात काही आहे का?"

"विचार करून सांगतो" या वाक्यावर माझा पूर्ण विश्वास होता. ज्याने ज्याने ते म्हटलं त्याचं नाव मी वहीत हिरव्या शाईने लिहायचो. वही हिरवीगार झाली. आणि एक निवृत्त हेडक्लार्क व त्यांच्या सौभाग्यवती. दर गुरुवारी साइट बघायला यायचे, अत्यंत बारकाईने. चौथ्या गुरुवारी ते म्हणाले, "एवढं आलोच आहोत, तर पुढे पैठणला सोडता का? नाथांचं दर्शन होईल." तेव्हा माझ्या लक्षात आलं की आधीच्या तिन्ही गुरुवारी मी त्यांना साइटवर आणल्यावर "परत आमचे आम्ही जाऊ" म्हणून ते नेमके पैठणच्या एसटीला हात करत होते.

असे अडीच महिने गेले. मेहुण्याचा दर सोमवारी फोन. "दाजी, खुर्ची पुन्हा पुसली."

मग पाचोडकडचं एक कुटुंब आलं. मुलगा वाळूजला चांगल्या कंपनीत सुपरवायझर, त्याची बायको, आणि गावाकडून आलेले त्याचे आई-वडील. शेती होती, शिवाय वडिलांचं आयुष्य बाजारात बैलांचे सौदे करण्यात गेलेलं. मुलगा त्यांना अण्णा म्हणायचा. मुलगा भरपूर बोलत होता, प्रश्न विचारत होता, मोबाइलवर फोटो काढत होता. अर्थातच मी त्यालाच गिऱ्हाईक समजलो. अण्णा खांद्यावरचं उपरणं सारखं करत मागे उभे होते आणि मावशी, म्हणजे त्याची आई, कोणाला न विचारता घरभर फिरत होत्या. भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करायच्या, कान लावायच्या, पुढच्या भिंतीकडे जायच्या.

स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला. "पाण्याचं कसंय?"

आता आमच्या शहरात हा प्रश्न साधा नाही. इथे लोक मुलीचं स्थळ बघतानाही आधी विचारतात, तुमच्याकडे नळ कितव्या दिवशी येतो. या प्रश्नाला एक तर खरं उत्तर द्यावं किंवा विषय बदलावा. मी तिसरा मार्ग घेतला. हात पसरले आणि सुरू झालो. "मावशी, पाण्याची काळजीच सोडा! हा रस्ता सरळ गेला की जायकवाडी! नाथसागर! प्रत्यक्ष गोदामाई तुमच्या..."

मावशींनी नळ सोडला. नळाने घसा खाकरला, एक उसासा टाकला आणि गप्प झाला.

"गोदामाई गावाला गेली वाटतं," मावशी म्हणाल्या.

तरीही मुलाला घर आवडलं होतं. सुनेला मुलाची शाळा जवळ पडत होती. रविवारी बैठक ठरली. बैठक म्हणजे दोन्ही बाजूंची माणसं समोरासमोर बसून भाव ठरवायचा आणि जमलं तर जागेवर इसार द्यायचा. इसाराची रक्कम हातात पडली की घर विकलं गेलं. त्या रविवारी माझे तीन महिने संपायला सहा दिवस उरले होते.

बैठक नमुना म्हणून सजवलेल्या घरात झाली. मॅडमना दुसरीकडे जावं लागलं. जाताना म्हणाल्या, "काका, भाव सांगा आणि थांबा. एवढंच." मी भाव सांगितला. अण्णांनी चहा घेतला. कप खाली ठेवला. उपरणं सारखं केलं आणि खिडकीतून बाहेर बघत बसले.

इथे माझी अडचण समजून घ्या. स्टेजवर समोरचा नट गप्प झाला तर त्याचा अर्थ एकच, तो वाक्य विसरला. अशा वेळी आपण सांभाळून घ्यायचं असतं. बावीस वर्षं मी अनेकांना सांभाळून घेतलं होतं. मी अण्णांनाही सांभाळून घेतलं.

"खिडक्यांना ग्रिल आमच्याकडून," मी म्हणालो.

अण्णा गप्प.

"वरची टाकी मोठी बसवून देतो."

अण्णांनी मिशीवरून बोट फिरवलं.

"स्वयंपाकघरात फडताळं. गच्चीवर पत्र्याचं शेड. फाटकावर पितळी पाटी, तुमच्या नावाची!" गप्पच. माझ्या कपाळाला घाम आला. समोरचा नट एक शब्द बोलायला तयार नाही आणि पडदा पडत नाही. शेवटी मी खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणालो, "आणि शेजारच्या प्लॉटमधलं ते लिंबाचं झाड आहे ना, तेही आपलंच समजा."

अण्णा उठले. चपला पायात घालताना मुलाला म्हणाले, "चल. दात न बघू देता बैल इकणारा आन् न मागता झूल देणारा, दोघं सारखेच. घरात कायतरी खोट हाय."

मॅडमना मी सगळं सांगितलं, लिंबाच्या झाडासकट. त्यांनी कपाळाला हात लावला नाही, रागावल्या नाहीत. फोन उचलला आणि मुलाला सांगितलं, "आमचे काका जे जे देतो म्हणाले, त्यातलं काहीही मिळणार नाही. घर आहे तसं आहे, भाव आहे तोच आहे. अण्णांना कळवा." मी डोळे मिटून घेतले. मला ती खुर्ची दिसली. पुसलेली.

अर्ध्या तासाने मुलाचा फोन आला. "अण्णा म्हणाले, आता बोलणं रीतीचं झालं. शनिवारी येतो."

शनिवार हा माझा शेवटचा दिवस होता.

त्या दिवशी मॅडम गुलमंडीवरून येताना कागदाची पुडी घेऊन आल्या. आत दोन पानं. गुलकंद घातलेली, लहान मुलाच्या मुठीएवढी. गाडी फाटकात दिसली तशी त्यांनी पुडी पुढे केली.

"घ्या."

"जेवण झाल्यावर खाईन."

"आत्ता. दोन्ही."

"मॅडम, दोन्ही खाल्ली तर मला बोलता येणार नाही."

"हं," मॅडम म्हणाल्या.

पान चावलं की तोंडात वाढत जातं, आणि थुंकायचं म्हटलं तर नमुन्याचं घर, पायाखाली पांढऱ्याशुभ्र फरश्या. पाहुणे आत आले. मी हात जोडले आणि गाल फुगवून हसलो. मॅडम म्हणाल्या, "भाव कागदावर लिहिलाय. बोलणं काकांशीच करा. गिऱ्हाईक त्यांचं आहे." आणि फाइल उघडून कोपऱ्यात बसल्या.

मावशींनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "उन्हाळ्यात बोर आटतं का?"

मी मान डोलावली. आटतं.

"टँकर लागतो?"

लागतो.

"हप्त्याला किती?"

मी दोन बोटं वर केली. घर विकायला लागल्यापासून पाण्याबद्दल मी दिलेलं हे पहिलं खरं उत्तर. त्यात माझं कर्तृत्व काही नाही. खोटं बोलायला जीभ बरीच हलवावी लागते, आणि माझ्या जिभेला तोंडात जागाच नव्हती. मावशी नवऱ्याकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "टँकर येतो म्हन्तो."

"ऐकलं," अण्णा म्हणाले. मग त्यांनी चहा घेतला, कप खाली ठेवला, उपरणं सारखं केलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

मला सगळं पुन्हा दिसत होतं. ग्रिल, टाकी, फडताळं, शेड, पितळी पाटी, सगळं घशाशी आलं आणि गुलकंदापाशी अडलं. बाहेर कुठेतरी फरशी कापायचं मशीन चालू होतं, तेही थांबलं. इतकी लांब शांतता मी कोणत्याही नाटकात ऐकलेली नाही. मॅडम फाइलमधलं एकच पान वाचत होत्या. ते कोरं होतं, हे मला बसल्या जागेवरून दिसत होतं.

अण्णा माझ्याकडे सरकले. खांद्यावरचं उपरणं काढलं, माझा उजवा हात ओढून त्याखाली घेतला आणि माझी दोन बोटं करकचून दाबली.

बैलबाजारात भाव तोंडाने करत नाहीत, असा उपरण्याखाली बोटं दाबून करतात, म्हणजे बघणाऱ्याला आकडा कळत नाही. ते मला पुढे मुलाने सांगितलं. दोन बोटं म्हणजे दोन लाख कमी करा. त्या क्षणी मला एवढंच कळलं की सत्तरीचा एक गृहस्थ माझा हात धरून बसला आहे आणि सोडत नाही. ओढून घेणं बरं दिसलं नसतं. मी बोटं ताठ ठेवून बसलो.

ताठ बोटं म्हणजे नकार. हेही मुलानेच सांगितलं.

अण्णांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, कात घशात उतरला होता. त्यांनी एक बोट सोडून दिलं आणि उरलेलं एकच दाबलं. एक लाख. मी हललो नाही. हलण्यासारखी परिस्थितीच नव्हती, ओठांच्या कोपऱ्यातून लाल थेंब खाली यायच्या बेतात होता आणि मी श्वास फक्त नाकाने, तोही बेताने, घेत होतो. अण्णांनी मग बोटाचं नुसतं पेर दाबलं. अर्धा. मी तसाच. मुलगा भिंतीला टेकून बघत होता. सून तोंडावर पदर धरून उभी होती. ती घाबरली होती की हसत होती, मला माहीत नाही. अण्णांच्या चेहऱ्यावर मात्र हळूहळू काहीतरी पसरत गेलं. एवढा कडक माणूस त्यांना बाजारातही क्वचितच भेटला असावा. त्यांचा डावा हात बंडीच्या आतल्या खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. काढावं की न काढावं. माझी खुर्ची त्या खिशाच्या काठावर टेकली होती.

माझा चेहरा आधी लाल आणि मग जांभळा झाला, असं मॅडम अजून सांगतात. मला आठवतात त्या मावशी. इतका वेळ मांडी घालून बसलेल्या मावशी एकदम गुडघ्यांवर उठल्या आणि नवऱ्याच्या कोपराला हिसका देऊन ओरडल्या,

"आवो, द्या की त्यो इसार एकदाचा! माणूस गप बसून बसून मरायलाय!"