नळाचा न, बाणाचा ण

ती मालिका आमच्या घरात मीच आणली. स्कॉटलंडमधली, विनोदी. ग्लासगोच्या बाजूचं एक कामगार कुटुंब: बाप जहाजाच्या कारखान्यातून कमी केलेला आणि सोफ्यावर लोळून सरकारला शिव्या घालणारा, आई लाँड्रीत इस्त्र्या करणारी, दोन वाढलेली मुलं आणि घरात एकच बाथरूम. एवढ्या भांडवलावर ते लोक अर्धा तास हसवायचे. भाषा म्हणायला इंग्रजी, पण आम्हाला ओ की ठो कळत नव्हतं. माझा नवरा पुण्याचा, इंग्रजी माध्यमातला. लग्न झाल्यापासून माझे उच्चार सुधारण्याचा मक्ता त्याच्याकडे आहे. तोच जेव्हा म्हणाला, "यार, सबटायटल्स ऑन कर ना," तेव्हा मला फार बरं वाटलं.

त्या उन्हाळ्यात माझी आई आमच्याकडे अमेरिकेत, नेपरव्हिलला आली होती. वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच घर सोडून इतकी लांब. वडील अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते आणि आई दाल मिलमध्ये डाळ निवडायला जायची. तिला मालिकेतलं अक्षर कळत नव्हतं, तरी ती मेथी निवडत आमच्याबरोबर बसायची आणि आमच्या आधी हसायची. नवरा कौतुकानं म्हणायचा, "आई, तुम्हाला सबटायटल्स नकोतच." ती म्हणायची, "भांडन त भांडनच असते जावईबापू, त्याले काय समजा लागते?"

एका भागात मुलाच्या होणाऱ्या बायकोचे आईवडील चहाला येणार असतात. डॉक्टरांचं घराणं. इकडे या बाईची नुसती तारांबळ. शेजारणीकडून कप आणते, नवऱ्याला अंघोळीला पिटाळते, फाटक्या सोफ्यावर चादर टाकते. तेवढ्यात फोन वाजतो. मुलांवर खेकसता खेकसता ती फोन उचलते आणि एकदम वेगळ्याच आवाजात बोलायला लागते. बारीक, गोड, एकेक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा.

आईचा मेथीचा हात थांबला. "हे फोनवर कोनाशी बोलते वो? आवाजच बदलला तिचा."

"मोठ्या लोकांसारखं बोलायचा प्रयत्न करतेय," मी सांगितलं.

आई हसली. "कायले? फोनवर कोन पाह्यते?"

हा भाग माझ्या डोक्यात बसला. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी तीच दोन जुनी प्रहसनं व्हायची, आणि यंदा काहीतरी नवीन बसव म्हणून माझ्या मागे लकडा लागला होता. मी म्हटलं, हाच भाग मराठीत करू. कार्यक्रमापुरतं अर्ध्या तासाचं स्किट. लाँड्रीची दाल मिल झाली, जहाजाच्या कारखान्याचं जिनिंग झालं, डॉक्टर साहेब पुण्याचे प्राध्यापक झाले. फोनचा प्रसंग मात्र मी कापला. आपल्याकडे असं कोणी करत नाही, असं मी ठाम सांगितलं. त्याच्या जागी काहीतरी हुकमी हशा हवा होता, आणि तो माझ्या घरातच पडलेला होता.

आमच्या वऱ्हाडात ण नाही. आम्ही पानी पितो, लोनी खातो, कोनी आलं तर त्याला जेवन वाढतो. मी पुण्याला इंजिनिअरिंगला गेले तेव्हा होस्टेलच्या मुलींनी मला मध्ये बसवून पोपटासारखं म्हणायला लावलं होतं: आणि, पाणी, लोणी, कोणी. खूप हसायच्या. वाईट नव्हत्या, पण हसायच्या. मी पहिल्या दिवाळीच्या आत शिकले, आणि इतकी पक्की शिकले की सुट्टीत घरी गेल्यावर आईशीही तसंच बोलायला लागले. ती एवढंच म्हणाली, "शयरातली झाली मायी पोरगी." तेव्हापासून घरची बोली मी तोंडातून काढून टाकली होती. इतक्या वर्षांनी ती पुन्हा तोंडात घेतली ती स्टेजवर, चारशे खुर्च्यांसमोर, लोकांना हसवायला.

कारण स्किटमधल्या आईचं काम मीच करत होते. साडीही माझ्या आईचीच, तिनं बॅगेतून काढून दिलेली. पदर कसा खोचायचा, काम करताना निऱ्या कशा वर घ्यायच्या, हे तिनंच माझ्याभोवती फिरून दाखवलं. गावाकडच्या बाईचं काम आहे एवढंच मी तिला सांगितलं होतं. ती खुश होती. आदल्या दिवशी तिनं अकोल्याला माझ्या मावशीला फोन करून सांगितलं, "नाटकात हाये पोरगी. मायं लुगडं नेसून."

शाळेचा हॉल भरला होता. आई तिसऱ्या रांगेत, शेजारी माझी नऊ वर्षांची मुलगी, पलीकडे नवरा. पडदा उघडला आणि मी आत तोंड करून ओरडले, "अवो, कोनी पानी आना वो!"

हॉल कोसळला. यात खोटं बोलण्यात अर्थ नाही, मला ते फार आवडलं. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. पुढच्या वाक्याला मी न जास्त लांबवला, लोक आणखी हसले. प्राध्यापकांचं काम करणारा आमचा एक मित्र दर वेळी बोट वर करून म्हणायचा, "ण! बाणाचा ण, वहिनी! नळाचा न नव्हे!" आणि मी म्हणायचे, "हाव ना, तोच त, बानाचा न!" लोक टाळ्या वाजवायला लागले. मागून शिट्टी आली. आई हसत होती, मला दिसत होती. आपल्या पोरीला एवढे लोक टाळ्या देतात याचंच ते हसू असावं.

मग शेवटचं वाक्य आलं. ते मी लिहिलेलं नव्हतं, ते आईचं होतं. माझं लग्न ठरवायला सासरचे लोक पुण्याहून अकोल्याला आले, तेव्हा आमच्या दोन खोल्यांत पाटावर पानं मांडून आईनं हात जोडले होते आणि म्हणाली होती, "जेवन साधं हाये, पन मनापासून हाये." माझे सासरे तेव्हा मांडी घालून बसले आणि दोन पोळ्या जास्त जेवले. स्किटमध्ये मी त्यांना तसं जेवू दिलं नाही. स्किटमध्ये मी हात जोडून ते वाक्य म्हटलं, एकेक न दाबून, आणि प्राध्यापक कपाळाला हात मारून ओरडले, "जेवण! जेवण! अहो, घास उतरेना माझ्या घशाखाली!"

त्या दिवसातला सगळ्यात मोठा हशा तो. माझी नजर तिसऱ्या रांगेत गेली. नवरा हसत नव्हता, त्याला ते वाक्य आठवत होतं. आईनं पदर तोंडाला लावला होता आणि ती समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत होती.

कार्यक्रमानंतर प्रसादाच्या रांगेत एक काकू लगबगीनं आल्या. मी आईशेजारीच उभी होते, तिच्याच साडीत, खोचलेला पदर सोडायचंही भान नव्हतं. काकूंनी माझा हात धरला. "काय गं हुबेहूब बोललीस! पोट दुखलं हसून." मग आईकडे वळून, "हिनं हे सगळं उचललं कुठून हो?"

बोलायला तेवढीच जागा होती. ही माझी आई, हे तिचं बोलणं आहे, एवढंच म्हणायचं होतं. मी नुसतं हसून घेतलं. कारण तोवर मी त्या काकूंच्या डोळ्यांत एक हुशार, पुण्याकडची, नकला करणारी बाई होते, आणि मला तसंच राहायचं होतं. दुसरं काहीही कारण नव्हतं. मी बरेच दिवस दुसरं कारण शोधून पाहिलं आहे.

आई माझ्याकडे बघत होती. तिनं माझी वाट पाहिली. मग काकूंकडे वळून, फार सावकाश, शब्द निवडून म्हणाली, "आमच्या गल्लीत एक बाई होती. तिचं पाहून शिकली."

काकू हसत पुढे गेल्या. मी प्रसादाचा द्रोण हातात घेऊन तिथेच उभी राहिले, आणि मला इतकी लाज वाटली की आईकडे मान वळवता येईना.

घरी येताना गाडीत मी म्हटलं, "आई, ते स्किट..."

"चांगलं झालं," ती म्हणाली. "आवाज मांगपर्यंत आला तुया." मग बाहेर बघत बसली. मुलगी मागून म्हणाली, "ममा, दॅट लेडी यू प्लेड साउंडेड लाइक आजी." नवऱ्यानं रेडिओ लावला.

त्यानंतर आई बोलायची थांबली असं नाही, पण बोलण्याआधी थांबायला लागली. पाणी हवं असलं तर पेल्याकडे बोट दाखवायची. घरी कोणी आलं तर हसून नुसती मान डोलवायची, आणि लोक मला म्हणायचे, तुझी आई किती शांत आहे गं. जी बाई दाल मिलमध्ये शंभर बायकांच्या वर आवाज काढायची ती शांत! मालिका लावली तर ती उठून खोलीत जायची. शेवटी आम्ही ती बघणंच सोडून दिलं.

मुलीची रविवारची मराठी शाळा सुरू झाली होती. एका संध्याकाळी मी भाजी फोडणीला टाकत होते, आणि जेवायच्या टेबलावरून दोन आवाज यायला लागले. मुलगी पुस्तकातून म्हणत होती, "नळाचा न, बाणाचा ण." तिला काही ण जमत नाही, अमेरिकन जीभ. तिच्या पाठोपाठ हळूच, आमच्या कानावर जाऊ नये अशा बेतानं, आई म्हणत होती, "बानाचा... बाणाचा ण." मुलगी तिला शिकवत होती, "नो आजी, टंग मागे. रोल इट." आणि आई पुन्हा म्हणत होती. मी गॅस बंद केला. तिथे जाऊन ते पुस्तक मिटावं आणि तिच्या पायावर डोकं ठेवावं असं वाटलं. मी गॅस पुन्हा पेटवला आणि भाजी केली.

थंडी पडायच्या आधी आई परत गेली. तिकिटाप्रमाणे अजून महिना राहायला हवी होती, पण तीच म्हणाली, बर्फ सोसणार नाही.

आता मी दर शनिवारी सकाळी तिला फोन करते. ती उचलते, आणि पलीकडून एक नवीन आवाज येतो. बारीक, गोड, एकेक शब्द धुतलेला. "हॅलो, कोण बोलतंय?" माझं नाव तिच्या स्क्रीनवर येतं, फोटोसकट, मीच ते लावून दिलंय. तरी विचारते. "झालं का जेवण? पाणी तापलं का तुमच्याकडचं? नातीला म्हणावं, मी रोज सराव करते." ण तिला आता पक्का येतो. इतका की जिथे नाही तिथेही येतो. परवा म्हणाली, "तुझा फोण आला की बरं वाटतं गं. एकटीचं मण लागत नाही."

मण. मी फोन कानापासून लांब धरला. मन हा एक शब्द तरी तिनं आयुष्यभर बरोबर म्हटला होता, माझ्या सासऱ्यांसमोर, हात जोडून, आणि तोही मी तिच्याकडून काढून घेतला.

मग मी ठरवलं, आपण घरच्या बोलीत बोलायचं. कोणी हसायला नाही, स्टेज नाही, ती आणि मी. जीभ इतकी लाकूड झाली होती की आधी मनात म्हणून पाहावं लागलं. मी म्हटलं, "माय, तुया नयाले पानी येते का आता? का अजून कोनाच्या घरून आनतं?"

 

"पाणी," आई म्हणाली. हळू, समजुतीनं, तिच्या फोनवरच्या आवाजात. "पाणी म्हण पोरी. बाणाचा ण. तिथं हसतात लोक."