सायकलवर टिकणारा चष्मा

हातातला धानाचा दाणा मला लख्ख दिसायचा. त्याच जोरावर गोंदियाच्या एका गिरणीवाल्या शेठजींनी मला दवनीवाडा गावात ठेवलं होतं. त्यांच्या सायकलवर आसपासची गावं फिरायची, धान पाहायचं आणि नमुना गिरणीत पोचवायचा. दाणा दिसायचा, पण दहा पावलांपलीकडचा माणूस म्हणजे नुसतं धोतर आणि पागोटं. चेहरा काही दिसायचा नाही.

आमच्याकडे रस्त्यात वडीलधारा माणूस दिसला की सायकलवरून उतरायचं, राम राम करायचा, थोडं पायी चालायचं आणि मग पुन्हा टांग मारायची. बसल्या बसल्या पुढे जाणं म्हणजे त्याच्या तोंडावर अपमान. मला माणूस ओळखू यायचा तोवर सायकल त्याच्या पुढे गेलेली असायची. गावाने ठरवून टाकलं, शेठचा माणूस मिजासखोर आहे. मग माझ्याशी धानाच्या भावापुरतं बोलणं होई. मी पाठ वळवली की मागे हसण्या-बोलण्याला ऊत यायचा. दृष्टीआड सृष्टी म्हणतात, माझ्या दृष्टीआड तर अख्खं गाव होतं.

खरं सांगून मोकळं व्हावं, तर आईने तोंड बांधून ठेवलेलं. "डोळ्यांचं कोणाला सांगू नको, पोरगी कोण देईल?" असं मी घरी गेलो की दर खेपेला ती बजावायची. चष्मेवाला नवरा म्हणजे आमच्याकडे अर्धा आंधळाच. मग आई गेली. माझ्यासाठी मुलगी पाहणारं कोणी उरलं नाही, तेव्हा लपवायचं तरी कशासाठी? खोलीत एकटा जेवताना मी मोठ्याने स्वतःशीच बोलायला लागलो होतो. एकदा आपलाच आवाज ऐकून फार घाबरलो आणि चष्मा आणायला गोंदियाला गेलो.

नागपूरला डॉक्टरकडे डोळे दाखवणं माझ्या आवाक्याबाहेरचं होतं. गोंदियाच्या बाजारात एक चष्मेवाला पेटी मांडून बसे. नवे-जुने, कोणाकोणाच्या नाकावरून उतरलेले चष्मे त्यात एकावर एक पडलेले. "दूर का कि पास का?" त्याने विचारलं. लांबचं पाहायचे चष्मे मोजकेच होते. समोरच्या कापड दुकानाची पाटी वाचत मी ते एकेक लावून पाहिले. एकात पाटी वाकडी दिसे, एकात जमीनच गुडघ्यापर्यंत वर आल्यासारखी वाटे. शेवटी दोन उरले. एक सोनेरी काड्यांचा, त्यात पाटीवरची अक्षरं कोरल्यासारखी दिसत. दुसऱ्याच्या काचेवर चरा होता आणि दिसायचंही जरा कमी. पण त्याच्या काड्या तारेच्या होत्या, कानामागे वळून घट्ट बसणाऱ्या.

"सायकलवर लावून पाहतो," मी म्हणालो.

"और पहन के भाग गए तो?" असं म्हणत त्याने पेटी शेजारच्या पानवाल्याकडे ठेवली आणि सरळ माझ्या कॅरियरवर बसला. सगळा बाजार बघत होता. मी पायडल मारत होतो आणि तो मागून ओरडत होता, "गाय है, गाय! अरे बाबू, अब तो दिखती है ना?" माझ्या मागे कोणी बसून बोलतंय याला इतके दिवस झाले होते, की मी उगाच एक फेरी जास्त मारली.

रेल्वे फाटकाच्या रुळांवर सायकल आदळली आणि सोनेरी चष्मा नाकावरून थेट मांडीवर आला. तारेचा मात्र घाम आला तरी हलला नाही. "जो टिके वो लो," चष्मेवाला म्हणाला. मी तोच घेतला.

येताना वाटेवरचं सगळं मी आधाशासारखं पाहिलं. गावाच्या तोंडाशी एका म्हाताऱ्याचं घर होतं. तो ओट्यावर खाटेवर बसलेला असे. तो माझ्याकडे पाहत असेल, अशी माझी समजूत होती. आता मला लांबूनच दिसलं. सायकल बघितली आणि त्याने उठून खाट फिरवली, माझ्याकडे पाठ करून बसला. किती सवयीने केलं त्याने ते!

मी उतरलो, सायकल हातात धरून त्याच्या पुढ्यात गेलो आणि राम राम केला.

"आज काऊन उतरला गा?" त्याने विचारलं.

"आता दिसते बाबाजी."

त्याने हात पुढे केला. मी चष्मा दिला, त्याने तो लावला आणि रस्त्याकडे पाहिलं. "यातून तं काहीच दिसत नाही. सगळं धुक्कट."

"मले त्याच्याबिगर असंच दिसते."

चष्मा न काढता त्याने माझ्याकडे वळून पाहिलं. मग त्याने तो काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसून माझ्या हातात दिला.

"मंग सांगाचं ना गा. एवढे दिवस एकटा काऊन राहिला?"

सांगायला कोण होतं, असं म्हणणार होतो, तोच त्याने सरकून खाटेवर जागा केली आणि मी चष्मा हातात धरून, काही न दिसता, तिथे रडत बसलो.