न्हाणीघरात धुतलेली रंगीत फिल्म

शालनचा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाल्याचं माप आधी आतून चाचपायची, शिंप्याकडून आलेल्या झंपराची शिवण ओढून बघायची. लग्न होऊन बेळगावहून बंगळूरला आली, राजाजीनगरात संसार थाटला, तरी या शहरावर तिचा काडीचा विश्वास बसला नाही. नवऱ्यावर, यल्लाप्पावर, तेवढा होता. बासष्ट सालच्या एका रविवारी तोही डळमळला.

यल्लाप्पा कारखान्यात फिटर, फोटोंचा नादी. मायदेशी परतणाऱ्या एका जर्मन इंजिनिअरनं त्याला रंगीत फिल्म भेट दिली. ती त्यानं लालबागेत फुलांच्या प्रदर्शनात वापरली. शालनबरोबर शेजारची अंबूबाईही आली होती. रंगीत फिल्म धुवायला मुंबईला पाठवावी लागे. यल्लाप्पानं पाठवली नाही. भरदुपारी न्हाणीघराच्या फटींत घोंगडी कोंबून त्यानं ती घरीच धुतली, तीही नेहमीच्या काळ्यापांढऱ्या फोटोंच्या औषधात. एवढी लपवाछपवी कशाला? शालनच्या डोक्यात किडा वळवळू लागला.

"स्वल्प थांब, दार उघडू नको!" तो आतून ओरडला. मग फोटो छापून होईपर्यंत तासभर आतच.

तो ओले फोटो घेऊन बाहेर आला तसा तिनं एक हिसकावला. पाठमोरी बाई, मोठ्या काठाची साडी. दसऱ्याला चिकपेटेच्या बाजारातून शालननं हिरवी घेतली होती आणि अंबूबाईनं अगदी तशीच लाल. फोटोतली साडी नुसती करडी.

"रंग कुठं गेला?"

"ह्या औषधात रंग येत नाही. काळंपांढरंच येतंय."

"आधी ठाऊक होतं तुम्हाला?"

"होतं की."

म्हणजे मुद्दामच! शालननं फोटो त्याच्या नाकासमोर धरला. "अंबूबाईच ना ही? खरं सांगा."

यल्लाप्पानं नुसता दुसरा फोटो पुढे केला. तीच पाठमोरी बाई, शेंगावाल्यापुढे वाकलेली, तराजूच्या पारड्याखाली हात घालून चिंच चिकटवलीय का ते चाचपत असलेली. साऱ्या बंगळुरात असलं दुसरं कोण करणार?

शालनचे कान तापले. "मुंबईला पाठवलं असतं तर रंग आले असते."

"आले असते. पण तिथली माणसं तुला हसली असती." त्यानं हात पुसले. "मी हसलो तर चालतंय."

तिला मनापासून लाज वाटली. तरी सवय कुठं जाते! तिनं फोटो उलटून तपासला. मागं यल्लाप्पानं पेन्सिलीनं लिहिलं होतं: शालन. साडी हिरवी.